बरोबर उत्तरात दडलेल्या चुका

पोलादी गोळी विद्युतचुंबकाने उंचावर धरून ठेवायची, वीजप्रवाह तोडून ती सोडायची आणि तळाच्या पट्टीवर आदळेपर्यंतचा काळ इलेक्ट्रॉनिक घड्याळाने मोजायचा, हा गुरुत्व त्वरण, म्हणजे मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूच्या वेगात दर सेकंदाला होणारी वाढ, काढण्याचा प्रयोगशाळेतील परिचित प्रयोग आहे. अंतराच्या दुपटीला काळाच्या वर्गाने भागले की उत्तर मिळते आणि ते ९.८ च्या जवळ आले की प्रयोग साधला असे मानले जाते. परंतु उत्तर जुळणे हा मापन निर्दोष असल्याचा पुरावा नव्हे.

मापनातील त्रुटी दोन प्रकारच्या असतात. यादृच्छिक त्रुटी कधी जास्तीकडे, कधी कमीकडे झुकतात आणि अनेक वाचनांच्या सरासरीत बऱ्याच अंशी मिटतात. पद्धतशीर त्रुटी मात्र प्रत्येक वाचनाला एकाच दिशेने ढकलतात, त्यामुळे प्रयोग शंभर वेळा केला तरी त्या तशाच उरतात. प्रवाह तोडल्यावरही गाभ्यात थोडे चुंबकत्व शिल्लक राहते आणि घड्याळ सुरू झाल्यानंतर गोळी क्षणभर उशिरा सुटते. एक मीटर उंचीसाठी हा उशीर केवळ ५ मिलिसेकंदांचा असला, तरी त्वरण ९.८ ऐवजी सुमारे ९.६ येते. उलट, उंची गोळीच्या तळापासून न मोजता चुंबकापासून मोजली, तर दोन सेंटिमीटर व्यासाच्या गोळीसाठी अंतर तेवढेच जास्त धरले जाते आणि त्वरण सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. या दोन्ही चुका एकत्र घडल्या, तर त्या एकमेकींना जवळजवळ झाकतात आणि उत्तर ९.७८ येऊन विद्यार्थी निश्चिंत होतो.

यावरचा उपाय म्हणजे परिस्थिती जाणूनबुजून बदलणे. उंची गोळीच्या तळापासून मोजून निरनिराळ्या उंचींवरून गोळी सोडली आणि उंचीच्या वर्गमुळासमोर काळाचा आलेख काढला, तर सरळ रेषा मिळते. तिच्या चढावरून त्वरण काढता येते, तर ती काळाच्या अक्षाला जिथे छेदते तेथे सुटण्यातला उशीर वेगळा दिसतो.

जगाच्या गुरुत्वमापनाचा आधारही अशाच त्रुटीतून सुटला नव्हता. जर्मनीतील पॉट्सडॅम येथे क्यूनेन आणि फुर्टवेंग्लर यांनी उलटसुलट टांगता येणाऱ्या लंबकांनी वर्षानुवर्षे कष्टपूर्वक मोजलेले आणि १९०६ मध्ये प्रसिद्ध केलेले ९८१.२७४ सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग हे मूल्य अनेक दशके जगभर प्रमाण होते. पुढे १९६० च्या दशकात जेम्स फॅलर यांनी निर्वातात पडणाऱ्या परावर्तकाचे अंतर प्रकाशलहरींच्या व्यतिकरणाने मोजले, तर इंग्लंडमध्ये ॲलन कुक यांनी वर फेकलेल्या काचेच्या गोळीचा चढता-उतरता प्रवास मोजला. अशा स्वतंत्र मापनांतून जुने मूल्य सुमारे सत्तर हजारांत एक भागाने जास्त असल्याची खात्री पटली आणि १९७१ च्या आंतरराष्ट्रीय गुरुत्वजालात ते सुमारे ९८१.२६० असे सुधारले गेले. लंबकांच्या मापनात कष्टांची उणीव नव्हती. उणीव होती ती लंबकाहून वेगळ्या तत्त्वावर चालणाऱ्या दुसऱ्या मापनाची, आणि म्हणूनच प्रयोगवहीत उत्तराच्या सरासरीइतकेच महत्त्व ते उत्तर कोणत्या वेगळ्या मार्गाने पडताळले या नोंदीला दिले पाहिजे.