मासा धापा टाकतोय? कल्ल्यांकडे बघा!

बाजारात मासे घेताना आपण आधी काय बघतो? कल्ला उचलून त्याचा रंग! लालभडक असेल तर मासा ताजा. दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीलाही हीच पारख लावा, बरं का. फक्त तिथं कल्ला उचलायचा नाही, नुसतं निरखून बघायचं.

मुलांच्या हट्टापायी फिशटँक घरात येतो आणि आठ दिवसांत त्याची देखभाल आईच्या गळ्यात पडते, हे तुम्हांला सांगायला नकोच. मग एके सकाळी मासा उलटा तरंगताना दिसला, की रडवेल्या मुलांची समजूतही आपणच काढायची. पण बहुतेक वेळा मासा आधी खुणा करतो.

मासा पृष्ठभागाशी येऊन सारखं तोंड उघडतो, कल्ल्यांची झाकणं भराभर हलतात किंवा एकच बाजू उघडी राहते, पर मिटलेले असतात, अंग दगडावर घासतो. या खुणा दिसल्या की समजावं, कल्ल्यांना त्रास आहे. गुरामी आणि फायटर मात्र एरवीही वर येऊन हवा घेतात. त्यांची काळजी नको.

कारणं घरातलीच असतात. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी. आणि यवतमाळचा मे महिना तर आपण जाणतोच! त्यात वीज गेली, की हवेचा पंप बंद. मासा कल्ल्यांतून अमोनिया टाकतो, उरलेलं खाणं कुजूनही तोच तयार होतो आणि त्यानं कल्ले भाजल्यासारखे होतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीनही तितकंच वाईट. डासांच्या औषधांतली बरीचशी द्रव्यं माशांना विषारी असतात. फवारा मारताना पेटी झाका आणि पंप थोडा वेळ बंद ठेवा.

उपाय सोपे आहेत. पहिलं म्हणजे, एक-दोन दिवस खाणं बंद. मासा उपाशी मरत नाही, अतिखाण्यानं मात्र मरतो. मग चौथा हिस्सा पाणी बदला. नवं पाणी पसरट भांड्यात दिवसभर उघडं ठेवलेलं आणि पेटीतल्या पाण्याइतकंच कोमट असावं. सगळं पाणी एकदम बदलू नका. वीज नसेल तर पेटीतलंच पाणी मगानं उंचावरून परत ओता. पाणी तापलं तर बर्फ टाकू नका. झाकण काढून वर जाळी घाला आणि पंखा लावा.

एवढ्यानं फरक पडला नाही, तर लिटरला एक ग्रॅम खडेमीठ वेगळ्या पाण्यात विरघळवून दिवसभरात थोडंथोडं घाला. पेटीत झाडं किंवा मांगूरच्या जातीचे मासे असतील तर मीठ नको. अंग घासणं थांबलं नाही, तर कल्ल्यांवर बारीक कृमी असू शकतात. त्यांचं औषध पशुवैद्यांना विचारूनच द्या.

फिल्टरचा स्पंज नळाखाली खसखसून धुऊ नका. अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणू त्यातच असतात. पेटीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळा.

2018 च्या उन्हाळ्यात यवतमाळकरांनी पाण्यासाठी काय सोसलं, ते आठवतं ना? म्हणून काढलेलं पाणी मोरीत ओतू नका. मीठ घातलेलं नसेल तर कुंड्यांना घाला, झाडं तरारतील. आणि मासे नकोसे झाले, तरी निळोण्याच्या धरणात सोडू नका. परके मासे तिथल्या माशांच्या मुळावर येतात. त्यापेक्षा ज्यांच्याकडे पेटी आहे, अशा एखाद्या मैत्रिणीला द्या.