जाणत्याचे व्यसन

झाशी हे नाव उच्चारताच मराठी मनात राणी लक्ष्मीबाई उभी राहते. त्याच राणीच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय 1968 साली या शहरात स्थापन झाले. तेथील प्रेम नगरासारख्या वस्तीतल्या एखाद्या घराला आपला मुलगा डॉक्टर व्हावा असे वाटले, तर ते स्वप्न अंतराने दूर नाही. वाट मात्र फार अरुंद आहे. 2024 साली वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला देशभरातून तेवीस लाखांहून अधिक उमेदवार बसले. पदवीच्या जागा होत्या लाखाच्या आसपास. एवढ्या गर्दीतून निवडला गेलेला विद्यार्थी व्यसनाच्या आहारी गेला की लोक विचारतात, दारूने यकृताचे काय होते हे ज्याला मुखोद्गत आहे, त्याला हे सुचावे तरी कसे?

प्रश्न रास्त आहे; पण ज्ञान हे व्यसनावरचे कवच आहे, हे त्यातले गृहीतकच चुकीचे आहे. न्यूयॉर्कचे शल्यवैद्य विल्यम हॉलस्टेड यांची हकिगत या बाबतीत मोठी बोलकी आहे. 1884 साली कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करता येतो हे दाखवून दिले. हॉलस्टेड व त्यांचे सहकारी लगोलग स्वतःच्याच अंगावर प्रयोग करू लागले. बधिरतेचे शास्त्र पुढे गेले, पण त्या मंडळींपैकी कित्येकांना कोकेनने धरून ठेवले, हॉलस्टेड त्यातलेच. उपचारांनंतर कोकेनची जागा मॉर्फीनने घेतली. पुढे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तरुण डॉक्टरांनी रुग्णालयातच राहून अहोरात्र शिकावे, ही पद्धत रूढ करणारे तेच हॉलस्टेड. त्यांचे सहकारी विल्यम ऑस्लर यांनी मॉर्फीनची गोष्ट टिपून ठेवली होती. ती टिपणे 1969 मध्ये, म्हणजे हॉलस्टेड यांच्या मृत्यूनंतर सत्तेचाळीस वर्षांनी उजेडात आली.

मात्रा ठाऊक असते, म्हणून आपण तिचे स्वामी आहोत असा भ्रम होतो. सामान्य माणूस अनोळखी गोळीला बिचकतो. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला तिचे गुणधर्म, परिणामाचा काळ, उतारा सारे माहीत असते. भय तेवढे उरत नाही. त्यातून कपाट हाताशी. शस्त्रक्रियागृहात वेदनाशामके आणि भूल देण्याची द्रव्ये रोज हाताळणाऱ्याला बाजार शोधावा लागत नाही.

आरंभ मात्र बहुधा अशा औषधांनी होत नाही. तो वसतिगृहात, सिगारेटने किंवा पेल्याने होतो. घरापासून प्रथमच दूर आलेल्या मुलाला वरच्या वर्गातील 'दादा' लोकांच्या पंक्तीत बसायचे असते, आणि नकार देणे म्हणजे वाळीत पडणे. महाराष्ट्राने 1999 साली छळाविरुद्ध कायदा केला खरा. पण आग्रहाच्या पेल्याला छळ म्हणून तक्रार करायला कोण जाणार? पुढे परीक्षेच्या रात्री जागण्यासाठी एक गोळी, ती उतरेना म्हणून झोपेसाठी दुसरी. गाव सोडताना 'आमच्या घरातला पहिला डॉक्टर' म्हणून ज्याचा सत्कार झाला, तो नापास झाल्याचे पत्र कोणत्या तोंडाने लिहील?

पदव्युत्तर शिक्षणात श्रमाचा भार वाढतो. निवासी डॉक्टरांचे सलग काम साधारणतः दिवसाला बारा तासांपलीकडे जाऊ नये, असे 1992 च्या केंद्रीय योजनेत म्हटले होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने 2024 साली विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे 45 टक्के जण आठवड्याला साठ तासांहून अधिक काम करीत असल्याचे आढळले. पदवीच्या विद्यार्थ्यांतील सुमारे 28 टक्क्यांनी आपल्याला मानसिक विकाराचे निदान झाल्याचे सांगितले. हे आकडे व्यसनाचे नव्हेत. परंतु व्यसन ज्या जमिनीत रुजते, तिचा पोत त्यांवरून कळतो.

तरीही सर्वांत घातक ठरते ते लपवणे. उपचार घ्यायचे तर ते आपल्याच शिक्षकांकडे, आपल्याच रुग्णालयात. म्हणजे नोंद होणार, कुजबुज होणार, कदाचित पदवीही हातची जाणार, या धास्तीने विद्यार्थी स्वतःच स्वतःचा वैद्य होतो. म्हणून काही देशांनी डॉक्टरांसाठी गुप्तता पाळणाऱ्या स्वतंत्र व्यवस्था उभारल्या. अमेरिकेतील सोळा राज्यांतल्या अशा योजनांत दाखल झालेल्या 904 डॉक्टरांचा पाच वर्षे घेतलेला मागोवा 2008 साली प्रसिद्ध झाला. उपचार, नियमित तपासणी आणि काम परत मिळण्याची आशा, एवढ्या आधारावर त्यांतील बहुसंख्य व्यसनापासून दूर राहिले आणि पुन्हा रुग्णांच्या सेवेत रुजू झाले.