वाट चुकलेली त्वचा

वर्गात एखादा मुलगा असतो, ज्याचा कान बारमाही वाहतो. स्राव थोडाच, पण त्याला कुजकट वास. शेजारी बसायला मुले नाखूश. कान दुखत नाही, म्हणून घरी कोणी मनावर घेत नाही. कोमट तेलाचे दोन थेंब सोडले की झाले. अशा कानात कधीकधी कोलेस्टिॲटोमा असतो.

नाव फसवे आहे. जर्मन शास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांनी १८३८ मध्ये ते दिले, तेव्हा त्यांना ही चरबीची गाठ वाटली होती. ती चरबीची गाठ नव्हे, कर्करोगही नव्हे. ती आपली साधी त्वचाच, पण भलत्या जागी गेलेली.

त्वचेचा वरचा थर सतत झडत असतो. हातावरचा आंघोळीत निघून जातो. पण एका बाजूने बंद असलेल्या कानाच्या बोळात तो जाणार कुठे? तेथे निसर्गाची सोय मोठी मजेशीर आहे. पडद्यावरची त्वचा मधून कडेला व तेथून बाहेर सरकत राहते, साधारण नखाच्या वाढीच्या वेगाने, आणि मळही सोबत नेते. (काडी घालून आपण तो पुन्हा आत ढकलतो, ते वेगळे!)

आता मध्यकर्णाला घशाशी जोडणारी नळी नीट उघडेनाशी झाली, तर आतला दाब कमी होतो आणि पडद्याचा वरचा सैल भाग आत ओढला जातो. त्याची पिशवी बनते. तिचे तोंड अरुंद, त्यामुळे झडलेली त्वचा आतच साठते, त्यात जंतू वाढतात, पिशवी फुगते. भोवतीच्या दाहामुळे हाड झिजवणाऱ्या पेशी कामाला लागतात. बहुधा प्रथम ऐरण झिजते आणि ऐकू कमी येते. अंतर्कर्णातल्या अर्धवर्तुळाकार नलिकेला भोक पडले तर चक्कर येते. चेहऱ्याच्या नसेला इजा झाली तर तोंड वाकडे होते. मध्यकर्णाचे छत म्हणजे हाडाचा पातळ पापुद्रा, आणि त्यावर मेंदू. ते छत झिजले की जंतूंना कवटीत वाट मिळते. मग मेंदूच्या आवरणांचा दाह होतो, किंवा मेंदूत गळू. वाहत्या कानाबरोबर डोकेदुखी, ताप, उलट्या, गुंगी दिसली तर तासभरही थांबू नये.

थेंबांनी स्राव आटतो, पिशवी तशीच राहते. ती शस्त्रक्रियेनेच, बहुधा कानामागचे हाड कोरून, काढावी लागते. त्वचेचा कण राहिला तरी ती पुन्हा वाढते, म्हणून पुढे काही वर्षे तपासणी चालू ठेवतात.

पालक म्हणतील, 'लहानपणापासूनच वाहतो.' तरी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवावे, आणि चिठ्ठीत वासाचा उल्लेख जरूर करावा.