चाळीस प्रश्न आणि हुशार मुलगा

निरामय विमा आणि आयकराची सवलत या वेळी घेऊ, असं गेल्या बुधवारी लिहिलं होतं. ते पुढे ढकलतो. नेरुळहून एका आईचं पत्र आलंय, आणि त्यातला प्रश्न सुटेपर्यंत बाकी सगळं हवेतच राहणार.

मुलगा तेरा वर्षांचा, आठवीत. अ‍ॅस्पर्गरचं, म्हणजे ऑटिझमच्याच एका प्रकाराचं, निदान सहावीत झालं. गणितात वर्गात पहिल्या पाचात, इंग्रजी बोलतो ते पुस्तकातल्यासारखं. बेलापूर ते पेंधर मेट्रोची अकराही स्टेशनं उलटसुलट म्हणून दाखवतो. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी नेलं, तर तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "याला कशाला हवंय?" गुण आले ६१. घरात आता दोन तट पडलेत. आजोबा म्हणतात, सुटलो. वडील म्हणतात, पुन्हा नेऊ. "आम्ही काय करावं?" असं आईने विचारलंय.

पुन्हा न्या, ताई. पण तसंच उठून जाऊ नका. आधी हे ६१ आले कुठून ते बघू.

तपासणीच्या टेबलावर असतो तो ऑटिझम मोजायचा 'इसा' नावाचा तक्ता. सिकंदराबादच्या, बौद्धिक अपंगत्वावर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने तो २००९ मध्ये आपल्याकडच्या मुलांसाठी तयार केला. या संस्थेचं प्रादेशिक केंद्र आपल्या खारघरमध्ये आहे. तक्त्यात प्रश्न ४०. नजरेला नजर देतो का, खेळात आपली पाळी येईपर्यंत थांबतो का, ऐकलेलंच पुन्हा पुन्हा म्हणतो का, आवाजाचा किंवा स्पर्शाचा जास्त त्रास होतो का, असे. प्रत्येकाला १ ते ५ गुण. क्वचित होत असेल तर १, जवळजवळ नेहमीच होत असेल तर ५. म्हणजे ज्याला कसलाच त्रास नाही त्याचेही ४० होतातच. ७० ही वेस. ती गाठली की ४० टक्के अपंगत्व धरतात, आणि बहुतेक सवलतींची दारं ४० टक्क्यांना उघडतात.

जरा हिशेब करून बघा. बाकी सगळीकडे एकेकच पडला, तर निदान पंधरा प्रश्नांना तीन-तीन मिळाल्याशिवाय ७० होत नाहीत. भाषेचे नऊ प्रश्न आहेत. तुमचा मुलगा घडाघडा बोलतो, त्यामुळे तिथले बरेच एकावर जातात. स्वतःला इजा करतो का? नाही, एक. धोक्याची भीती वाटत नाही का? वाटते, एक. हुशार मुलाचे गुण असेच गळत जातात.

उरलेले मात्र आपण स्वतःच्या तोंडाने घालवतो. माझा सगळा राग यावर आहे, म्हणून सविस्तर लिहितो. "मित्र आहेत का?" या प्रश्नाला आई चटकन म्हणते, "आहेत ना, दोघं." ते दोघं घरी कधी आले होते? यानं त्यांना शेवटचा फोन कधी केला? गप्पा मेट्रो सोडून आणखी कशावर होतात का? "हट्ट करतो?" "छे, आता नाही करत." का नाही करत, ताई? तीच कप्प्यांची ताटली रोज धुऊन समोर ठेवता म्हणून. रिक्षात त्याची डावी बाजू कुणाला घेऊ देत नाही म्हणून. सोसायटीच्या गणपतीत ताशा सुरू व्हायच्या आत त्याला वर घेऊन जाता म्हणून. गाडी दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर येणार अशी घोषणा झाली, तर ती गाडी सोडून पुढचीने जाता म्हणून. ही सगळी तुमची मेहनत, आणि तक्त्यावर ती उतरते त्याचा त्रास 'क्वचित' म्हणून!

तेव्हा तपासणीआधी दोन-तीन आठवडे एक वही ठेवा. काय झालं, किती वेळ चाललं, आणि होऊ नये म्हणून तुम्ही काय केलंत, एवढंच लिहा. वर्गशिक्षिकांकडून मधल्या सुट्टीत तो काय करतो याचं पत्र घ्या. मार्कांचं नको, ते सगळ्यांना दिसतंच. फुगवून मात्र काही सांगू नका. समोरच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अशी शेकडो मुलं पाहिलेली असतात, आणि एक खोटं सापडलं की खऱ्यावरचाही विश्वास उडतो. ती मेट्रोची स्टेशनं जरूर सांगा. विलक्षण स्मरणशक्ती हा त्या चाळिसातलाच एक प्रश्न आहे. त्याला गुण आहेत, आणि आईबाप ते कौतुक म्हणून सांगतात नाहीतर मुद्दाम लपवतात.

आणखी एक. हे बोलणं मुलासमोर करू नका. स्वतंत्र वेळ मागून घ्या. तेरा वर्षांच्या मुलाला सगळं कळतं. तुम्ही "परवा मंगळवारी त्याने..." असं सुरू केलंत की तो मध्येच म्हणेल, "आई, सोमवारी." मग दिवस कुठला यावरच पाच मिनिटं जातील.

कागदावर नाव काय हवं, तेही बघून घ्या. १९९५च्या कायद्यात सात अपंगत्वं होती आणि ऑटिझम त्यात नव्हताच. राष्ट्रीय न्यास कायद्यात तो १९९९ मध्ये आला. २०१६च्या कायद्यातल्या एकवीस अपंगत्वांत ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर आहे, अ‍ॅस्पर्गर नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनीही २०१३ मध्ये त्याचं वेगळं खातं बंद केलं. तुमच्या फाइलमधल्या पत्रावर नुसतं अ‍ॅस्पर्गर असेल, तर डॉक्टरांकडून नवं पत्र घ्या.

आजोबांच्या 'सुटलो'बद्दल. प्रमाणपत्र घरात असलं म्हणून ते कुणाला दाखवलंच पाहिजे असं नाही. कपाटात ठेवा. दहावीला तासामागे वीस मिनिटं जादा लागली, तर काढा. उच्च शिक्षणातल्या ५ टक्के जागा आणि सरकारी नोकरीतल्या ४ टक्क्यांपैकी ऑटिझमसह काही गटांना मिळून असलेला १ टक्का, हे पुढचं आहे. अठराव्या वर्षी त्यानेच ठरवावं. आज न काढण्याचा निर्णय मात्र आपण त्याच्या वतीने घेतोय, एवढं आजोबांना सांगा.

आणि पुन्हा ६१च आले तर? तरीही सगळं संपत नाही. ऑक्टोबर २०२४च्या नियमांनुसार यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राची, कार्डं तीन रंगांत मिळतात. चाळीसच्या खाली पांढरं, चाळीस ते ऐंशीच्या आत पिवळं, ऐंशी आणि वर निळं. पांढऱ्यावर आरक्षण नाही. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय लोकसेवा आयोगाला बजावलं, की लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट घालता येणार नाही. वाजवी सोय करून द्यायचं कर्तव्य टक्क्यांवर अवलंबून नाही. परीक्षेत शांत कोपरा मिळावा किंवा वेळापत्रकातला बदल आदल्या दिवशी सांगावा, असा अर्ज शाळेला करताना हा निकाल जोडा.

खारघर, कामोठे, कळंबोलीच्या वाचकांसाठी वेगळं. तुम्ही राहता नवी मुंबईत, पण जिल्हा रायगड. बेलापूरहून मेट्रोत बसलात की दोन-चार मिनिटांत जिल्हा बदलतो. तुमची फाइल मात्र ठाण्याला चालत नाही. कायदेशीर पालकत्वासाठीची जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक समितीही तुमच्यासाठी अलिबागचीच. 'माय नेम इज खान' सिनेमापासून सगळ्या नातेवाइकांना अ‍ॅस्पर्गर ठाऊक झालं. करण जोहरने त्यातल्या बोरिवलीच्या रिझवानला अमेरिकेला पाठवलं. अलिबागच्या सिव्हिलच्या रांगेत उभं केलं असतं, तर आपल्याला जास्त उपयोग झाला असता! कागद कुठले, कुठे द्यायचे हे आधी विचारायचं असेल, तर खारघरचं केंद्र आहे, आणि नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीतल्यांसाठी वाशीचं ईटीसी, म्हणजे महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं केंद्र. तिथे मुलाला सोबत नेलं नाही तरी चालेल. पहिल्या फेरीला नेऊच नका.

निरामय पुढच्या बुधवारी नक्की. आयकराच्या फॉर्मवर कुणाची सही चालते, हे कदाचित त्याच्या पुढच्या. तोवर एवढंच सांगतो, की मनोविकारतज्ज्ञांची सही घेऊन ठेवली असेल तर ती चालणार नाही. न्यूरॉलॉजिस्ट किंवा सिव्हिल सर्जन शोधायला लागा.