बशीपासून पुडीपर्यंत

गेल्या हिवाळ्यात आम्ही निमगाव केतकीच्या एका शाळेत बुरशींविषयी बोलायला गेलो होतो. बारामती-इंदापूर रस्त्यावरचे हे गाव खाऊच्या पानांसाठी आणि डाळिंबांसाठी ओळखले जाते. पानवेलीची मुळे कुजवणाऱ्या फायटोफ्थोराला ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी कशी रोखते, याची चित्रे आम्ही दाखवली. शेवटी नववीतला एक मुलगा उठला. "सर, तुमच्या बशीत रोग थांबतो. पण आम्हीपण ट्रायकोडर्माची पुडी टाकली होती, तरी वेली गेल्याच."

त्याचे म्हणणे खोडून काढण्यासारखे नव्हते. बशीतली बुरशी पुडीत जाईपर्यंत मध्ये बरेच काही घडते, आणि त्याबद्दल आपली पाठ्यपुस्तके काही सांगत नाहीत.

समजा, पाव लिटरच्या चंबूत बुरशी उत्तम वाढली. आता तीच अडीचशे लिटरच्या टाकीत वाढवायची आहे. वर्गात हे घनांनी दाखवता येईल. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे घनफळ १ आणि पृष्ठफळ ६. दहा सेंटिमीटर बाजूच्या घनाचे घनफळ १०००, पण पृष्ठफळ ६०० च. म्हणजे घनफळ हजारपट झाले तरी पृष्ठभाग शंभरपटच वाढला. दर घन सेंटिमीटरच्या वाट्याला तो एकदशांश उरला. वाढणारी बुरशी उष्णता निर्माण करते. चंबूत ती काचेतून निघून जाते, टाकीत कोंडते. प्राणवायूचेही तसेच. चंबू नुसता हलवला तरी भागते. टाकीत हवा खालून सोडावी लागते आणि रवीसारखे पाते फिरवून सगळीकडे पोचवावी लागते. आमची स्वतःची पहिली मोठी टाकी तिसऱ्या दिवशी आंबूस वासाने भरली होती आणि सगळा माल गटारात ओतावा लागला. त्यावर कोणी शोधनिबंध छापत नाही.

पुढे बीजाणू शंखजिऱ्याच्या भुकटीत मिसळून पुड्या भरतात. नियमानुसार दर ग्रॅममध्ये किमान २० लाख जिवंत बीजाणू हवेत. परंतु पत्र्याच्या दुकानात, एप्रिलच्या उन्हात, ते मरत जातात. त्या मुलाच्या घरी उरलेली पुडी आम्ही बरोबर आणली. एक ग्रॅम भुकटी पाण्यात मिसळून दर वेळी दहापट, अशी एकूण लाखपट पातळ केली आणि एकेक मिलिलिटर तीन बशांत पसरले. जेवढे बीजाणू जिवंत, तेवढे ठिपके उगवतात, असे ढोबळमानाने धरतात. तीन बशांत मिळून साठ ठिपके यायला हवे होते. सात आले. पुडीवरची मुदत संपलेली नव्हती.

हे मधले काम कोणी करायचे? संशोधकाला निबंध लिहायचा असतो, कारखानदाराला तयार माल हवा असतो. दोघांच्या मध्ये विज्ञान उद्यान येते. (नावात उद्यान असले तरी घसरगुंड्या नसतात.) विद्यापीठ आपल्या जागेवर इमारत बांधते आणि नव्या, लहान कंपन्यांना खोल्या भाड्याने देते. एकट्याला न परवडणारी यंत्रे सामाईक असतात. मधल्या आकाराची टाकी तासांच्या हिशेबाने मिळू शकते. अडले तर प्राध्यापक चार पावलांवर. विद्यापीठात लागलेल्या शोधाचे पेटंट सहसा विद्यापीठाकडे राहते. कंपनी परवाना घेते आणि विक्रीतून ठरलेला वाटा देते.

याची सुरुवात अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९५१ मध्ये केली. देणगीत मिळालेली जमीन विकायची नाही अशी अट होती, म्हणून ती दीर्घ मुदतीच्या भाड्याने दिली गेली. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयाने १९७० मध्ये स्वतःच्या पडीक जमिनीवर असे उद्यान काढले. आपल्याकडे पुणे विद्यापीठाच्या आवारात केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने विज्ञान व तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले. पवईच्या आयआयटीने २००४ मध्ये नवउद्योगांसाठी 'साइन' ही संस्था काढली. ड्रोन बनवणारी 'आयडियाफोर्ज' तिथेच वाढली. पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या छत्राखाली २००७ पासून 'व्हेंचर सेंटर' आहे. ती प्रयोगशाळा विद्यापीठ नव्हे, पण काम याच जातीचे.

मात्र इमारत झाली म्हणजे उद्यान झाले असे नाही. भाडे बुडणार नाही म्हणून संशोधनाशी काडीचाही संबंध नसलेल्या कचेऱ्या भरल्या, तर ती विद्यापीठाची चाळ होते. बुरशीची कंपनी चार-पाच वर्षे तोट्यात चालते. परवानगीसाठी लागणाऱ्या चाचण्यांतच बराच काळ जातो. तोवर तिला सांभाळून घेणारा मालक हवा, आणि विद्यापीठ तो होऊ शकते, कारण त्याला उद्याच्या नफ्याची घाई नसते. निदान नसावी.

निमगावच्या मुलांना पुणे लांब पडते. परंतु बारामतीला ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टकडे आता अटल इनोव्हेशन मिशनच्या साहाय्याने शेतीतील नवउद्योगांसाठी केंद्र निघाले आहे. शेजारी माळेगावला अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था २००९ पासून आहे. विज्ञानाच्या शिक्षकांनी दोन्ही ठिकाणी सहल न्यावी.

सात ठिपक्यांचा निकाल आम्ही शाळेला कळवला. आठवड्याने त्या मुलाचे पत्र आले: पुडीतले बीजाणू जिवंत आहेत की मेलेले, हे दुकानातच, पैसे देण्याआधी कसे ओळखायचे? बशीत ठिपके यायला तीन-चार दिवस लागतात. एवढा वेळ दुकानदार थांबणार नाही. पत्र आम्ही प्रयोगशाळेच्या फलकावर लावले आहे, आणि दोन विद्यार्थी रंग बदलणाऱ्या कागदी पट्टीवर काम करत आहेत. पट्टी अजून मेलेल्या बीजाणूंनाही जिवंत म्हणते.