योद्धा-लघुशिल्पे

युद्धखेळाच्या पटावर मांडण्यासाठी घडविलेल्या, चिलखत व शस्त्रे धारण केलेल्या सैनिकांच्या लहान आकृती. त्यांची उंची सामान्यतः १५ ते ५४ मिमी. असते. शोभेची मूर्ती, मुलांचे खेळणे व ऐतिहासिक प्रतिकृती या तिन्हींशी त्यांचे नाते आहे. तथापि हाती धरून हलविणे, दुरून ओळखू येणे आणि एकाच साच्यातून अनेक नग निघणे या तीन गरजांमुळे त्यांचे तंत्र स्वतंत्र ठरते. या आकृती मानवी देहाच्या खऱ्या प्रमाणात घडवाव्यात की ओळखू येण्यासाठी त्यांचे काही अवयव मुद्दाम मोठे करावेत, हा या कलेतील मूलभूत प्रश्न होय.

इतिहास : लहान सैनिक घडविण्याची प्रथा प्राचीन आहे. ईजिप्तमधील आस्यूत येथे मेसेहती या अधिकाऱ्याच्या थडग्यात इ. स. पू. सु. २००० च्या सुमाराचे, लाकडी सैनिकांचे दोन संच मिळाले. एकात चाळीस ईजिप्शियन भालाईत, तर दुसऱ्यात चाळीस न्यूबियन धनुर्धर आहेत. ते खेळासाठी नसून मृताच्या सोबतीसाठी होते. युद्ध पटावर आणण्याची कल्पना मात्र भारतीय चतुरंगात स्पष्ट दिसते. हत्ती, घोडा, रथ व पायदळ ही सेनेची चार अंगे त्यात सोंगट्यांच्या रूपाने येतात [→ बुद्धिबळ]. जर्मनीत १७८० मध्ये हेल्विग याने बुद्धिबळाचाच विस्तार करून युद्धखेळ रचला. पुढे प्रशियात राइसव्हित्स पितापुत्रांनी १८१२ ते १८२४ या काळात नकाशावर खेळावयाचा ‘क्रीगस्पील’ हा खेळ सिद्ध केला व तो सैनिकी शिक्षणात रूढ झाला. त्यात पलटणी दाखविण्यासाठी साधे ठोकळे वापरीत. न्यूरेंबर्ग येथे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कथिलाचे चपटे सैनिक ओतले जाऊ लागले, तर इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटन याने १८९३ मध्ये ५४ मिमी. उंचीचे पोकळ ओतीव सैनिक बाजारात आणले. अशा खेळण्यांसाठी एच. जी. वेल्स याने लिट्ल वॉर्स (१९१३) हे नियमांचे पुस्तक लिहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर छंद म्हणून खेळले जाणारे युद्धखेळ वाढले आणि २५ ते ३० मिमी. उंचीच्या आकृती विशेष प्रचारात आल्या.

परिमाण : लघुशिल्पाचे परिमाण दोन रीतींनी सांगतात. पहिल्या रीतीत मूळ वस्तूशी असलेले गुणोत्तर देतात (उदा., १ : ७२, १ : ५६, १ : ३२). दुसऱ्या रीतीत आकृतीची मिमी. मधील उंची देतात. ही उंची काही कारागीर तळव्यापासून डोळ्यांपर्यंत, तर काही डोक्याच्या शेंड्यापर्यंत मोजतात. त्यामुळे एकाच अंकाने सांगितलेल्या दोन संचांतील सैनिक एकमेकांशेजारी विसंगत दिसतात. गुणोत्तराची रीत म्हणूनच अधिक निश्चित होय. १६८ सेंमी. उंचीचा पुरुष १ : ५६ या परिमाणात नेमका ३० मिमी. होतो. पुढील विवेचनातील मापे याच परिमाणातील आहेत.

देहप्रमाण : प्रौढ माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या उंचीच्या सु. साडेसातपट असते. या हिशेबाने ३० मिमी. च्या आकृतीचे डोके ४ मिमी. भरते. जांघेची रेषा उंचीच्या मध्यावर, म्हणजे सु. १५ मिमी. वर येते, गुडघा त्याच्या निम्म्याहून किंचित वर असतो. दोन्ही हात पसरल्यास बोटांच्या टोकांमधील अंतर उंचीएवढे भरते. कोपर कमरेच्या पातळीत येते व सरळ सोडलेल्या हाताची बोटे मांडीच्या मध्यापर्यंत पोहोचतात. डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर असतात. नवशिके कारागीर ते कपाळात चढवितात.

भारतीय शिल्पशास्त्राने हा विषय तालमानाच्या रूपाने मांडला आहे. बारा अंगुलांचा एक ताल हे चेहऱ्याचे माप मानून त्यावरून संपूर्ण देह मोजतात. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत उत्तम पुरुषाची उंची त्याच्या स्वतःच्या १०८ अंगुलांची, मध्यमाची ९६ व कनिष्ठाची ८४ अंगुलांची सांगितली आहे [→ मूर्तिकला]. एककासाठी बाहेरचे माप न घेता त्याच देहाचा अवयव घेणे हे या पद्धतीचे मर्म असून ते लघुशिल्पालाही उपयोगी पडते. डोक्याचे माप एकदा ठरले, की उरलेला देह त्यावरून तपासता येतो.

बाजारी लघुशिल्पांपैकी पुष्कळशी मात्र या प्रमाणात नसतात. त्यांचे डोके देहाच्या पाचव्या वा सहाव्या हिश्शाएवढे, मुठी डोक्याच्या निम्म्याएवढ्या व शस्त्रे सोट्यासारखी जाड असतात. यामागे केवळ अज्ञान नाही. पटापासून एक मीटरवर बसलेल्या खेळाडूला १ : ५६ ची आकृती ५६ मी. वरील खऱ्या माणसाएवढी दिसते. त्या अंतरावरून चेहरा ओळखू येत नाही. म्हणून चेहरा व हात वाढविले जातात. शिवाय मोठ्या अवयवांना रंग देणे सोपे जाते व ती साच्यात मोडत नाहीत. परंतु या सवलतीची किंमत चिलखती आकृतीत सर्वांत जास्त मोजावी लागते. मोठ्या डोक्यावर शिरस्त्राण चढविले, की ते खांद्यांएवढे रुंद होते. रुंद खांद्यांवर बख्तराचे थर आले, की हात वर उचलण्यास जागा उरत नाही. अशा सैनिकाच्या चिलखतात माणूस मावू शकत नाही.

चिलखताची जाडी : खऱ्या प्रमाणाचा आग्रह धरणाऱ्या कारागिराची अडचण उलट असते. पाच मिमी. जाडीचे तलवारीचे पाते या परिमाणात ०·०९ मिमी. होते; ते ओतता येत नाही व हाताळताना टिकत नाही. अडीच ते तीन सेंमी. जाडीचा भाल्याचा दांडा सु. अर्ध्या मिमी. चा होतो. चिलखतातील नऊ मिमी. व्यासाची कडी ०·१६ मिमी. भरते, तर दीड-दोन मिमी. जाडीचा पत्रा केसाहूनही बारीक होतो. म्हणून देहाचे प्रमाण, लांबी व रुंदी खरी ठेवावी आणि तडजोड फक्त पातळ वस्तूंच्या जाडीत करावी, हा नियम या पद्धतीत पाळला जातो. पात्याची कड तिरपी तासून ते प्रत्यक्षाहून पातळ भासविता येते. भाल्यासाठी पितळी तार वेगळी बसवितात.

थरांचा क्रम ही दुसरी महत्त्वाची बाब होय. चिलखत ही त्वचा नव्हे. आधी देह, त्यावर कापसाचा जाड अंगरखा, त्यावर कड्यांचे चिलखत व त्यावर पत्रे अशा क्रमाने आकृती वाढते. दीड सेंमी. जाडीच्या अस्तराने या परिमाणात प्रत्येक बाजूस पाव मिमी. ची भर पडते. टोप व त्याचे अस्तर मिळून डोक्याची रुंदी २·८ मिमी. वरून ३·२ मिमी. वर जाते. एवढी वाढ गृहीत धरून मूळ देह बारीक ठेवला नाही, तर शेवटी आकृती फुगीर होते.

दख्खनी सैनिकाचे चिलखत : यूरोपीय नमुन्यांच्या प्रभावामुळे सर्वांगी पोलादी पत्र्यांचा पोशाख हेच चिलखताचे रूप आहे, असा समज पसरला. भारतात, विशेषतः दख्खनमध्ये, कड्यांचे चिलखत, कापूस भरून टाचलेला जाड डगला आणि कड्यांत गुंफलेल्या पट्ट्यांचे बख्तर हे प्रकार अधिक उपयोगात होते. छाती, पाठ व दोन कुशी यांवर बांधावयाच्या चार पत्र्यांना चार-आईना म्हणत. त्याच्या कुशीवरील पत्र्यांना काखेसाठी खाच असते. ती विसरल्यास सैनिकाचा हात खाली येणार नाही, हे शिल्पातही लगेच दिसते. टोपाला नाकावर सरकणारी पट्टी व मानेवर कड्यांची झालर असे. मनगट ते कोपर या भागावर दस्ताना चढवीत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील अकबराचे चिलखत (१५८१), तसेच पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील व नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातील शस्त्रे ही अभ्यासास सोयीची आहेत.

मराठी सैन्यातील सामान्य मावळा वा बारगीर हा पूर्ण चिलखती नव्हता. मुंडासे, अंगरखा, कमरेचा शेला, ढाल, तलवार आणि भाला हा त्याचा मुख्य सरंजाम असे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाच्या भेटीस जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातले होते. म्हणजे चिलखत असूनही ते वरून दिसत नव्हते. अशा प्रसंगाचे शिल्प घडविताना कड्या न दाखविता अंगरख्याच्या जड, ताठ घड्यांतूनच ते सुचवावे लागते. घोड्याबाबतही हीच दक्षता हवी. खांद्याशी १४० सेंमी. उंचीचे दख्खनी तट्टू धरल्यास ते या परिमाणात २५ मिमी. होते; त्याजागी धिप्पाड यूरोपीय घोडा योजल्यास मराठी घोडदळाच्या चपळ हालचालींचे रूपच बदलून जाते.

घडण : प्रथम ०·८ ते १ मिमी. जाडीच्या तांब्याच्या वा पितळेच्या तारेचा सांगाडा करतात. त्यावर खांदे, कोपरे, कटी व गुडघे यांच्या जागा प्रमाणाच्या आराखड्यावर ठेवून खुणा करतात आणि त्याच ठिकाणी तार वाकवितात. सांध्यांमध्ये वाकलेली तार पुढे दुरुस्त होत नाही. नंतर दोन घटकांची इपॉक्सी पुट्टी मळून तिचा पातळ गाभा चढवितात व तो पूर्ण कठीण होऊ देतात. पुट्टी साधारणपणे तास-दीड तास घडविता येते. तेवढ्या वेळात पूर्ण होईल एवढाच भाग एका वेळी हाती घेतात. दाभण, सुया व घासून गुळगुळीत केलेल्या कोरण्या ही मुख्य हत्यारे असून ती चिकटू नयेत म्हणून पाण्याने ओली ठेवतात.

कड्यांचा पोत उमटविण्यासाठी सुईच्या अर्धवर्तुळाकार टोकाने ओळीने ठसे देतात. एका ओळीतील ठसे डावीकडे, तर पुढील ओळीतील उजवीकडे वळवितात. कड्या प्रत्यक्षाहून तिप्पट मोठ्या येतात, पण नजरेला विणीचा भास पुरतो. येथे पोतापेक्षा वजनाचे भान महत्त्वाचे असते. चिलखत जड असल्याने ते खाली ओढले जाते, कमरपट्ट्यावर थोडे फुगून येते व कोपराच्या आतल्या बाजूस त्याच्या बारीक वळ्या पडतात. पत्रे याउलट वाकत नाहीत. त्यामुळे देहाची वळणे पत्र्यांमधील फटींतच दाखवावी लागतात.

ओतकाम : मूळ आकृती रबराच्या दोन तबकड्यांमध्ये दाबून व तापवून साचा करतात आणि तो फिरवीत कथिलाचा मिश्रधातू आत ओततात. फिरण्याच्या जोराने धातू बारीक कोपऱ्यांत शिरतो. पूर्वी या मिश्रधातूत शिशाचे प्रमाण मोठे असे. शिसे विषारी असल्याने, विशेषतः लहान मुलांच्या दृष्टीने, शिसेविरहित मिश्रधातू वापरणे आवश्यक ठरते. पॉलिस्टायरीन व रेझीन यांचाही उपयोग होतो. एकविसाव्या शतकात संगणकावर आकृती घडवून त्रिमितीय मुद्रणाने ती काढण्याची पद्धत रूढ झाली. तीत पातळ पाते काढणे सोपे झाले. मात्र पडद्यावर आकृती कितीही मोठी करून पाहता येत असल्याने ३० मिमी. मध्ये न दिसणारा तपशील भरण्याचा दोष वाढला.

मधूच्छिष्ट वा मेणसाच्याच्या पद्धतीनेही पितळी आकृती करता येतात. या पद्धतीचे वर्णन बाराव्या शतकातील मानसोल्लास या ग्रंथात आहे. बस्तरमधील ढोकरा कारागीर मातीच्या गाभ्यावर मेणाचे धागे गुंडाळतात. त्यांतून धातूवर उमटणारी वीण कड्यांच्या चिलखतासारखी दिसते. साचा फोडावा लागत असल्याने प्रत्येक नग वेगळा होतो. त्यामुळे सैन्य उभारण्यास ही पद्धत महाग, पण मूळ नमुना करण्यास योग्य आहे.

महाराष्ट्रातील परंपरा : येथील वीरगळांवर घोडेस्वार व पायदळाच्या लहान आकृती आढळतात, मुंबईतील एकसर येथील वीरगळांवर नौकायुद्धही कोरलेले आहे. त्यांत मुख्य वीर पुष्कळदा इतरांहून मोठा असतो, म्हणजे आकार हा महत्त्वाचा निदर्शक असतो. दिवाळीत मुले मातीचा किल्ला करून त्यावर हळीव वा मोहरी पेरतात व मातीचे किंवा प्लास्टरचे मावळे मांडतात. सिंहासनावरील महाराजांची मूर्ती दारावरच्या पहारेकऱ्यापेक्षा मोठी असते, ती याच जुन्या दृष्टीने. हे प्रमाण चुकीचे नसून वेगळ्या हेतूचे आहे. मात्र इतिहास शिकविण्यासाठी केलेल्या पटावर ते चालत नाही.

भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. पोलादी व ॲल्युमिनियमच्या भांड्यांमुळे पितळी भांड्यांची मागणी सर्वत्र घटली. धातू ओतणे, कानशीने साफ करणे व उजळणे ही या धंद्यातील कौशल्ये लघुशिल्पांच्या मूळ नमुन्यांनाही लागतात. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल घडविणारे सुतार हे या भागातील दुसरे कुशल हात होत. विषयही जिल्ह्यातच उपलब्ध आहे. तुमसर तालुक्यातील आंबागड हा किल्ला सु. १७०० मध्ये देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या काळात राजाखान पठाणाने बांधला व पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला. त्याचा पट मांडावयाचा झाल्यास गोंड, पठाण व मराठा अशा तिन्ही शिपायांची वस्त्रे, शस्त्रे व चिलखते वेगवेगळी अभ्यासावी लागतील. एकाच यूरोपीय साच्यातील सैनिकाला तीन रंग दिल्याने ते काम होत नाही. जुना सैनिक कसा दिसत असे, याचे पहिले चित्र पुष्कळ मुलांच्या मनात अशा बोटभर आकृतीवरूनच तयार होते. म्हणून तिच्या प्रमाणातील व पोशाखातील अचूकपणाला शैक्षणिक महत्त्व आहे.