शून्य आणि मौन : पंचगंगेच्या पूरअंदाजामागचे संगणकजाळे

जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या शिवाजी पेठेत तब्येतीची चौकशी नंतर होते. आधी विचारतात, 'पाणी किती फुटांवर?' हा फूट राजाराम बंधाऱ्यावरचा, हे सांगावे लागत नाही. तेथे 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 फुटांना धोका पातळी मानतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले. महामार्ग बंद पडला. उपसा केंद्रेच बुडाल्यामुळे, जेथे पुराचा थेंब नव्हता तेथलेही नळ कोरडे राहिले. 2021 च्या जुलैत पुन्हा महापूर आला. ज्याला गोठ्यातली जनावरे हलवायची आहेत, त्याचे आजच्या फुटावर भागत नाही. त्याला उद्याचा फूट हवा असतो. तो कसा काढतात हे शोधताना माझ्या ध्यानात आले की हा प्रश्न जितका नदीचा, तितकाच संगणकांचाही आहे. निरनिराळ्या कामांसाठी घडवलेली, एकमेकांपासून दूर बसलेली यंत्रे मिळून एक उत्तर कसे काढतात?

पंचगंगा होते ती कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या पाण्याने. पाचवी सरस्वती गुप्त मानतात. गगनबावड्याला कोल्हापूर शहराच्या कितीतरी पट पाऊस पडतो, त्यामुळे शहरातल्या पावसावरून नदीचा अंदाज बांधता येत नाही. म्हणून राज्याच्या जलसंपदा विभागाने जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या जलविज्ञान प्रकल्पातून कृष्णा-भीमा खोऱ्यांत स्वयंचलित केंद्रांचे जाळे उभारले. पर्जन्यमापकात एक छोटी झुलती वाटी असते. ठरावीक पाणी साठले की ती कलंडते आणि शेजारचा छोटा संगणक ते कलंडणे मोजतो. पुलावर बसवलेले रडार खाली लहरी सोडून पाण्याची पातळी घेते. ही यंत्रे सौर पट्ट्यांवर चालतात आणि आपल्या नोंदी उपग्रहाच्या किंवा मोबाइलच्या जाळ्यातून पाठवतात. त्यांना मोजणे आणि पाठवणे एवढेच येते.

दुसऱ्या टोकाला पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले महासंगणक आहेत : 2018 मधला 'प्रत्यूष' आणि 2024 मधला 'अर्क'. तेथे आकाशाचे चौकोन पाडून ते हजारो प्रक्रियकांना वाटून दिलेले असतात. प्रत्येक जण आपल्या चौकोनाचे गणित करतो आणि कडेचे आकडे शेजाऱ्याला देतो. शेजाऱ्याचे आकडे आल्याशिवाय कोणालाच पुढचे पाऊल टाकता येत नाही. सगळ्यांत सावकाश जो, त्याच्या चालीने सगळी दिंडी चालते.

राधानगरी धरणाची सात स्वयंचलित दारे या दोन्हींहून वेगळी आहेत. तलाव ठरावीक पातळीला आला की ती पाण्याच्याच भाराने उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. त्यांना वीज लागत नाही की कोणाचा हुकूम लागत नाही. एका दारातून 1,428 क्युसेक पाणी सुटते. सातही उघडली तर सुमारे 10,000. दार कोणाला विचारत नाही, म्हणून ते उघडल्याची बातमी मात्र त्याच्यापेक्षा वेगाने खाली पोचावी लागते.

या सगळ्यांना एका पंक्तीत बसवायचे तर आधी माप एक हवे. राजाराम बंधारा फूट-इंचात बोलतो, अलमट्टी समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये. विसर्ग कोठे क्युसेकमध्ये, तर कोठे घनमीटरमध्ये. एक घनमीटर म्हणजे सुमारे 35.3 घनफूट, तेव्हा एकक चुकले तर पूर पस्तीस पटींनी फुगतो किंवा आटतो. मग वेळ. आपला दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, पण हवामानाची प्रारूपे जागतिक वेळेवर चालतात आणि त्या घड्याळात तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले असतात. म्हणून प्रत्येक नोंदीवर ती केव्हा पोचली हे नव्हे, तर केव्हा मोजली हे लिहिलेले लागते. उशिरा आलेली नोंद तिच्या खऱ्या जागी बसवून गणित पुन्हा करता येते, ते त्यामुळेच.

सर्वांत अवघड गोष्ट मौनाची आहे. महासंगणक शेजाऱ्यासाठी थांबतो, पूर थांबत नाही. ज्या रात्री घाटात पाऊस कोसळतो, त्याच रात्री मनोरा बंद पडण्याची, पट्टीला ऊन न मिळाल्याने बॅटरी उतरण्याची शक्यता अधिक असते. केंद्राकडून काहीच आले नाही आणि संगणकाने तेथे शून्य लिहिले, तर सर्वाधिक पावसाची जागा कोरडी ठरते आणि अंदाज नेमका नको तेव्हा खाली येतो. 'पाऊस नाही' आणि 'निरोप नाही' ही दोन वेगळी उत्तरे आहेत. चांगले जाळे दुसरे उत्तर रिकामेच ठेवते. ती जागा ते शेजारच्या केंद्रांवरून, उपग्रहाच्या चित्रावरून किंवा खालच्या पुलावर पाणी किती वेगाने चढते आहे त्यावरून भरते आणि हा आकडा मोजलेला नसून अंदाजलेला आहे, अशी खूणही त्यावर ठेवते.

हेच मौन सीमेवरही नडू शकते. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. तेथे कृष्णाच तुंबलेली असेल तर पंचगंगेचे पाणी उतरत नाही, म्हणजे पाऊस थांबला तरी कोल्हापूरचा फूट हलत नाही. पुढे कृष्णा कर्नाटकात जाते. तिकडच्या बंधाऱ्यांचे विसर्ग वेळेवर कळले नाहीत, तर इकडचे गणित अर्धेच राहते. जेथे दोन राज्यांची खाती एकमेकांशी बोलायला हवीत, तेथे यंत्रे वाढवून उपयोग नाही.

म्हणून मला वाटते, अंदाज सांगताना नुसता फूट सांगू नये. खोऱ्यात केंद्रे किती, त्यांपैकी आज बोलती किती आणि घाटातली गप्प किती, हेही त्याच फलकावर लिहावे. बंधाऱ्याचा फूट वाचायला शिकलेल्या कोल्हापूरकराला हा दुसरा आकडा कळायला जड जाणार नाही. घाटातली केंद्रे गप्प आहेत हे संध्याकाळी कळले, तर जनावरे रात्रीच हलवायची की सकाळची वाट पाहायची, हे गोठ्याचा मालक स्वतः ठरवू शकेल.